पिथमपूरहून भिवंडीला बारा चाकी ट्रक पाठवायचाय, रूट आणि वेळ कशी ठरवू?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच गाडी लावताय आणि मॅप दहा-अकरा तास दाखवतो, तर पार्टीला तेवढंच सांगू का. अजिबात सांगू नका, तो टाइम कारचा आहे. भरलेली गाडी घाट, टोल, जेवण सगळं धरून ताशी 40 च्या आसपासच पडते, वर ड्रायव्हरची झोप आलीच, म्हणून दीड दिवस पकडा.

आमचं घरचंच ट्रान्सपोर्ट आहे इंदूरला, देवास नाक्याला. रस्ता निवडायचा फार प्रश्न नाही, सरळ आग्रा रोड. मानपूर, खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. खरं प्लॅनिंग घाटांचं आहे. मानपूरच्या पुढे गणेश घाट, सेंधव्यानंतर बिजासन आणि इगतपुरीनंतर कसारा, आणि मुंबईकडे जाताना हे तिन्ही उतरणीचे लागतात, म्हणजे नेमका माल भरलेला असतो तेव्हाच उतार. गणेश घाट आणि बिजासनात ब्रेक फेल होऊन किती गाड्या गेल्यात ते इथल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. म्हणून गाडी रात्री भरून लगेच सोडू नका, पार्टी कितीही घाई करो. सकाळी सहा-सातला सोडा, पहिले दोन्ही घाट दुपारपर्यंत उजेडात उतरतात. ड्रायव्हरला स्पष्ट सांगा की डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, खालच्या गिअरमध्ये एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग धरणारा ब्रेक) उतरायचं, आणि घाटाच्या आधी थांबून हवेचं प्रेशर नि टायर बघायचे.

रात्री नाशिकच्या आधी एखाद्या चांगल्या ढाब्यावर त्याला नीट झोपू द्या, पहाटे काढली की सकाळी गोडाऊन उघडायच्या सुमारास भिवंडीत. कसारा टाळायचा असेल तर समृद्धी आहे, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, जवळजवळ 8 किमीचा बोगदा आहे आणि उतरता भिवंडीजवळच. टोल वेगळा लागतो पण भरलेल्या गाडीला मी तरी तोच सांगेन.

कागदांचं म्हणाल तर ई-वे बिलाला (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा ऑनलाइन कागद) 200 किमीला एक दिवस मिळतो, तुमचं अंतर 400 च्या वर आहे म्हणजे तीन दिवस. ते दिवस गाडी नंबर टाकला की सुरू होतात, म्हणून भरती होऊन गाडी निघायच्या वेळीच नंबर टाका. वाटेत अडकलीच तर मुदत संपायच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत वाढवता येते.

भरल्यावर काट्यावर वजन कराच. ओव्हरलोडला 20,000 दंड, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000, आणि जास्तीचा माल तिथेच उतरवायला लावतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेच जास्तीचं वजन घाटात ब्रेकवर येतं.

आणि भाडं ठरवतानाच रिटर्न लोडचं, म्हणजे परतीच्या मालाचं बोलून ठेवा, भिवंडीत खाली होताना एक दिवस उभी राहिली तर हॉल्टिंग, म्हणजे उभ्या गाडीचे पैसे, कोण देणार तेही बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर) लिहून घ्या.