‘फ्रँचायझी’, ‘मक्ता’ आणि संघाचा ‘मालक’

प्रश्न असा आहे : क्रिकेटच्या बातम्यांत ‘मुंबई फ्रँचायझीने निर्णय घेतला’, ‘संघमालकांची बैठक झाली’, ‘अमुक खेळाडूला सत्तावीस कोटींना विकत घेतले’ अशी वाक्ये सर्रास येतात. यांतल्या ‘फ्रँचायझी’ला मराठी प्रतिशब्द आहे का, संघाला ‘मालक’ असतो असे म्हणणे बरोबर आहे का, आणि माणसाबद्दल ‘विकत घेणे’ हे क्रियापद वापरावे का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत. कोट्यवधी रुपये मोजणारा उद्योगपती त्या पैशांत नेमके काय घेतो, हे कळले की शब्द आपोआप जागेवर बसतात.

आधी ‘फ्रँचायझी’कडे पाहू. दिलेल्या हक्काला इंग्रजीत ‘फ्रँचाइझ’ म्हणतात आणि तो हक्क घेणाऱ्याला ‘फ्रँचायझी’. मराठीने हे दोन्ही शब्द एकात गुंडाळले आहेत. ‘चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घेतली’ म्हणताना आपल्याला हक्क अभिप्रेत असतो, तर ‘फ्रँचायझीने प्रशिक्षक बदलला’ म्हणताना हक्क घेणारी कंपनी. ईकारान्त असल्यामुळे तो कंपनी, एजन्सी यांच्या पंगतीत बसून स्त्रीलिंगी झाला, मात्र ‘कंपन्या’प्रमाणे ‘फ्रँचायझ्या’ हे रूप काही रुळले नाही. लोक ‘आठ फ्रँचायझी’च म्हणतात, आणि ते कानाला खटकतही नाही. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, ‘मोकळीक’ या अर्थाचा. पुढे राजाने कृपावंत होऊन दिलेला खास हक्क असा त्याचा अर्थ झाला, त्यातूनच मत देण्याचा हक्क हा अर्थ निघाला आणि म्हणून इंग्रजी-मराठी कोशांत या शब्दापुढे आपल्याला ‘मताधिकार’ हा प्रतिशब्द भेटतो. खेळाच्या धंद्यातला अर्थ अमेरिकेतून आला. तिथे १८७६ साली स्थापन झालेल्या बेसबॉलच्या नॅशनल लीगने प्रत्येक संघाला आपापल्या शहराचा एकाधिकार दिला, म्हणजे त्या शहरात लीगचा दुसरा संघ उभा राहणार नाही अशी हमी दिली.

ठरावीक प्रदेश, ठरलेली रक्कम, ती भरून उरेल तो नफा आपला आणि बुडाले तर तोटाही आपला : या व्यवहाराला मराठीत शब्द नाही असे कोण म्हणेल? तो शब्द आहे ‘मक्ता’. शब्द अरबी मुळाचा खरा, पण तो आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की ‘शहाणपणाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का?’ असे विचारताना त्याचे मूळ कोणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे महालांच्या महसूल वसुलीचे अधिकार, मक्त्याने देण्याची चाल बोकाळली होती. जो जास्त रक्कम बोलेल त्याला महाल मिळे आणि ती रक्कम वसूल करताना रयतेचे काय होते याची चौकशी फारशी होत नसे. ‘इजारा’ हा त्याचाच भाऊबंद, ‘ठेका’ हा अलीकडचा, आणि मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. यांपैकी ‘मक्ता’च मला सर्वांत नेमका वाटतो, कारण त्यात बोली, प्रदेश आणि एकाधिकार हे तिन्ही येतात.

इंडियन प्रीमियर लीगचा जन्म या व्याख्येत तंतोतंत बसतो. जानेवारी २००८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आठ शहरांसाठी बोली मागवल्या. प्रत्येक शहराची किमान किंमत ५ कोटी डॉलर होती आणि आठांचे मिळून सुमारे ७२ कोटी ३६ लाख डॉलर जमले. मुंबई रिलायन्सने ११ कोटी १९ लाख डॉलरना घेतली, विजय मल्ल्या यांच्या समूहाने बंगळूरसाठी ११ कोटी १६ लाख मोजले, तर जयपूर सर्वांत स्वस्तात, ६ कोटी ७० लाखांना गेले. ही रक्कम एकदम द्यायची नव्हती. दहा वार्षिक हप्त्यांत भरायची होती. बोली लागली त्या दिवशी यांतल्या एकाही संघात एकही खेळाडू नव्हता, खेळाडूंचा लिलाव पुढच्या महिन्यात झाला. मैदानेही या मंडळींची नव्हती आणि आजही नाहीत. वानखेडे मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे आहे, गहुंजे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे. मग घेतले काय? शहराच्या नावाने स्पर्धेत उतरण्याचा आणि प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नात वाटा मिळवण्याचा अधिकार.

हा वाटा हाच या धंद्याचा कणा आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आणि त्यातला जवळपास निम्मा भाग संघांकडे येतो. उलट खेळाडू राखण्यावर आणि लिलावात घेण्यावर खर्च करण्याला मर्यादा आहे, २०२५च्या हंगामासाठी ती प्रत्येक संघाला १२० कोटी होती. हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधीच जमेची मोठी बाजू ठरलेली आणि खर्चाची मोठी बाजू बांधलेली असते. गणवेशावरच्या जाहिराती आणि तिकीटविक्री हे वरचे उत्पन्न. अशा धंद्यात शेवटच्या क्रमांकावर राहणारा संघही बुडत नाही, हे लक्षात घेतले की २०२१च्या ऑक्टोबरमध्ये लखनौसाठी ७,०९० कोटींची बोली का लागली याचे कोडे उलगडते.

मक्तेदार आणि मालक यांतला फरक हप्ता थकल्यावर दिसतो. सहारा समूहाने २०१० साली पुण्यासाठी ३७ कोटी डॉलरची बोली लावली. सामने ठरल्यापेक्षा कमी होतात, तेव्हा रक्कमही कमी करा, अशी त्यांची मागणी होती. पाऊस कमी झाला म्हणून सूट मागणाऱ्या मामलेदाराच्या अर्जाची आठवण यावी, इतकी ती जुन्या वळणाची आहे. सूट मिळाली नाही, मंडळाने २०१३ साली बँक हमी वटवली, सहाराने अंग काढून घेतले आणि पुणे वॉरियर्स हा संघ नाहीसा झाला. कोचीचा संघ तर एकच हंगाम खेळून २०११ मध्ये बँक हमीच्या कारणावरून रद्द झाला. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचा करार २०१२ मध्ये संपवण्यात आला आणि ते शहर सन टीव्हीला वर्षाला ८५ कोटी ५ लाख रुपयांनी देण्यात आले. शहर तेच, पण चार्जर्सचे २००९चे विजेतेपद सन टीव्हीच्या सनरायझर्स या संघाच्या खात्यावर कोणी धरत नाही. मालकाने कर्ज थकवले तर घर जप्त होते, घर हवेत विरत नाही. इथे संघ विरले.

पुण्याचेच दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. चेन्नई आणि राजस्थान हे संघ २०१५ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित झाले, तेव्हा त्यांच्या जागी दोन वर्षांपुरते दोन संघ हवे होते. मंडळाने उलटी बोली ठेवली : मध्यवर्ती उत्पन्नातून वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी मिळतील, कमीत कमी मागेल त्याला संघ. पुण्यासाठी संजीव गोयंका यांच्या समूहाची बोली होती उणे १६ कोटी. म्हणजे आम्हाला तुमच्याकडून काहीच नको, वर आम्हीच वर्षाला १६ कोटी देतो. दोन वर्षांनी तो संघ मुदत संपून विसर्जित झाला. शेवटचा सामना म्हणजे २०१७चा अंतिम सामना, मुंबईविरुद्ध एका धावेने हरलेला. मुदतीच्या या करारालाही तेव्हा सगळे ‘मालकी’च म्हणत होते. पुढे लखनौ घेणारा समूह हाच, हे सांगितले म्हणजे या उणे बोलीला खुळेपणा म्हणता येणार नाही.

आता ‘मक्ता’ या शब्दाविरुद्ध जे म्हणता येईल तेही मांडले पाहिजे. मक्ता मुदतीचा असतो, आणि २००८ सालच्या मूळ संघांचे हक्क मुदतीचे नाहीत. दहा हप्ते फिटल्यावर ते आपल्या उत्पन्नाचा वीस टक्के भाग मंडळाला देऊन कायम राहतात. पिढीजात हक्क आणि त्याबद्दल सरकारात भरायचा भाग, हे लक्षण मक्त्यापेक्षा वतनाच्या जवळ जाते. शिवाय हक्क धारण करणाऱ्या कंपनीचे समभाग विकता येतात. गुजरातच्या संघातला ६७ टक्के हिस्सा टॉरेंट समूहाने २०२५ मध्ये घेतला, तो गुंतवणूकदार कंपनीकडून, मंडळाकडून नव्हे. दुसरी अडचण अशी की ‘मक्तेदारी’ला आज शिवीचा वास येतो, त्यामुळे बातमीत ‘मुंबईचे मक्तेदार’ लिहिले तर वाचक त्यात टोमणा शोधतील. तेव्हा रोजच्या लेखनात ‘फ्रँचायझी’ राहू द्यावी, व्यवहार समजावून सांगायचा असेल तिथे ‘मक्ता’ खुशाल वापरावा, आणि माणसाचा उल्लेख करताना ‘फ्रँचायझीचे मालक’ म्हणावे. ते कंपनीचे मालक असतातच, प्रश्न फक्त ‘संघाचे मालक’ म्हणण्याचा आहे.

हा काथ्याकूट वाटत असेल त्यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराचे प्रकरण पाहावे. आर्ट मॉडेल या मालकाने १९९५च्या नोव्हेंबरात आपला ‘ब्राउन्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला हलवण्याचे जाहीर केले. शहर न्यायालयात गेले, चाहते खवळले आणि पुढच्या फेब्रुवारीत तडजोड झाली. मॉडेल यांनी खेळाडू, कर्मचारी आणि करार घेऊन बाल्टिमोरला जावे. नाव, रंग, जुने विक्रम आणि इतिहास मात्र क्लीव्हलंडमध्येच राहील. बाल्टिमोरचा संघ ‘रेव्हन्स’ या नव्या नावाने नवीन संघ म्हणून मोजला गेला, तर तीन हंगाम एकही सामना न खेळलेले ब्राउन्स १९९९ मध्ये नव्या खेळाडूंनिशी, पण जुन्या इतिहासासह पुन्हा उभे राहिले. मालकाजवळ होते ते सगळे तो घेऊन गेला आणि तरीही संघ मागे राहिला. ‘संघमालक’ या समासाची मर्यादा याहून स्पष्ट कशी दाखवणार?

‘संघमालक’ बिनदिक्कत चालेल अशीही जागा आहे. इंग्लंडमधले फुटबॉल क्लब स्वतः कंपन्या आहेत, त्यांना कोणी मक्ता दिलेला नाही. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड घेतला आणि खरेदीच्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर टाकला, त्याला चाहत्यांनी कितीही विरोध केला तरी ती मालकीच होती. क्लब वाईट खेळला तर खालच्या गटात जाईल, पण लीग त्याचे अस्तित्व काढून घेऊ शकत नाही. उलट बार्सिलोनात सभासद अध्यक्ष निवडतात आणि मालक असा कोणी नसतोच, आपल्याकडच्या कबड्डीच्या मंडळांसारखे. गोव्यात हे दोन्ही प्रकार एकमेकांसमोर उभे राहिले. खाणउद्योगातल्या घराण्यांनी चालवलेले धेंपो आणि साळगांवकर हे खरेखुरे क्लब. धेंपोने देशाचे विजेतेपद पाच वेळा मिळवले. २०१४ साली फुटबॉलची इंडियन सुपर लीग आली, एफसी गोवा ही फ्रँचायझी स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या मालकांत याच घराण्यांतील व्यक्ती होत्या. दोनच वर्षांनी, देशातल्या फुटबॉलची नवी आखणी क्लबांना मागे लोटणारी आहे या कारणाने धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी आय-लीग या क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. आय-लीगमध्ये खालच्या गटात घसरण्याचा धोका होता, नव्या लीगमध्ये वर्षानुवर्षे तो नव्हता. धनिक तेच, पण एकीकडे क्लबचे पालक आणि दुसरीकडे हक्काचे धारक.

त्याआधीच्या नात्याला तर मराठीत फार सुंदर शब्द आहे. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली होळकरांच्या ‘पदरी’ होते. होळकरांच्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, पण यशवंतराव होळकर त्या संघाचे मालक होते असे कोणी लिहिले नाही. ते आश्रयदाते होते. पदरी असणाऱ्याला मान असे, चाकरीही असे आणि धन्याची मर्जी फिरण्याची भीतीही असे, एवढे सगळे त्या एका शब्दात मावते. नंतर मुंबईत बँका आणि गिरण्या आल्या, त्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि ‘पदरी’ची जागा ‘कंपनीकडून खेळतो’ने घेतली. फायदा कमावण्यासाठी संघ ही कल्पना या दोन्ही टप्प्यांत नव्हती, म्हणून तिच्यासाठी शब्दही घडला नाही.

राहिले ‘विकत घेणे’. नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दात झालेल्या लिलावात ऋषभ पंतवर लखनौने २७ कोटींची बोली लावली. ते पैसे कोणत्याही विक्रेत्याला मिळाले नाहीत. तो पंतचा एका हंगामाचा मोबदला आहे. विक्रेताच नसेल तर विक्री कसली? युरोपातल्या फुटबॉलमध्ये गोष्ट वेगळी, कारण नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने २०१७ मध्ये दिलेले २२ कोटी २० लाख युरो हा करार मोडून घेण्याचा मोबदला होता आणि तो बार्सिलोनाला मिळाला. तिथे ‘विकला’ हे निदान हिशेबाच्या दृष्टीने खोटे नाही. हार्दिक पंड्या २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे आला तसे व्यवहार आपल्याकडेही होतात, आणि त्यांना ‘हस्तांतर’ पुरते. लिलावासाठी मात्र ‘करारबद्ध केले’ किंवा ‘बोली जिंकली’ लिहावे. ज्याला कोणीच घेतले नाही त्याच्याबद्दल ‘अनसोल्ड राहिला’ किंवा ‘विकला गेला नाही’ असे छापून येते, तेही बाजारात उरलेल्या मालासारखे वाटते. ‘त्याच्यावर बोली लागली नाही’ असे लिहिले की अर्थही पुरता येतो आणि माणसाची किंमतही होत नाही.