आत्याचा आजारही सांगायला हवा

प्रश्न : माझे वडील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने ४७व्या वर्षी वारले, शस्त्रक्रिया बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात झाली होती. माझ्या सख्ख्या आत्याला ४९व्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला, पण ती आता बरी आहे. धाकट्या भावाला ११ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज व व्रण) आहे. घरची मंडळी सुक्या मासळीला आणि तिखटाला दोष देतात. मी ३६ वर्षांचा असून मला काहीही त्रास नाही. कोणती तपासणी करावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आत्याचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण बहुतेक जण केवळ आतड्याचेच आजार सांगतात. सासरी गेलेल्या आत्याचे आणि तुमच्या वडिलांचे ताट एक नव्हते. रक्त मात्र एक होते. पन्नाशीच्या आत वडिलांना आतड्याचा आणि त्यांच्या बहिणीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होणे, यावरून लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी लागते. पेशी विभागताना जनुकीय मजकूर उतरवण्यात होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी काही जनुके असतात. त्यांपैकी एखादे जन्मतःच सदोष असेल तर चुका साचत जातात, आणि एरवी पॉलिपचा (आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या गाठीचा) कर्करोग होण्यास साधारण दहा वर्षे लागतात तेथे दोन-तीन वर्षेही पुरतात. हा दोष प्रत्येक अपत्यात, मग तो मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते.

तुम्ही घाईने स्वतःचे रक्त तपासून घेऊ नका. सुरुवात आत्यापासून व्हावी, कारण कुटुंबातला दोष नेमका कोणता हे ठाऊक नसताना निरोगी माणसाचा अहवाल निर्दोष आला तरी त्यावर विसंबता येत नाही. वडिलांच्या गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा रुग्णालयात शिल्लक आहे का, हेही विचारावे. त्यावरूनही बरेच कळते. आत्यात दोष सापडला आणि तुमच्यात तो नसला, तर तुमचा धोका इतरांएवढाच राहील. असल्यास दर एक-दोन वर्षांनी कोलनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करावी लागेल. जनुकांचा निकाल काहीही येवो, वडिलांचे वय पाहता पहिली कोलनोस्कोपी आता लांबवू नये.

धाकट्या भावाचा धोका वेगळ्या वाटेने येतो. तेथे दीर्घकाळ राहिलेली सूज आतड्याच्या अस्तराची सतत मोडतोड करते आणि भरून येणाऱ्या पेशींत बिघाड होऊ लागतो. सूज केवळ गुदाशयापुरती असेल तर धोका फारसा वाढत नाही. ती वरपर्यंत पसरली असेल तर लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी नियमित कोलनोस्कोपी सुरू करतात. तुमच्या भावाची ती वेळ टळून गेली आहे. हा बिघाड पुष्कळदा सपाट असतो, पॉलिपसारखा उठून दिसत नाही, आणि सूज भडकलेली असताना बायोप्सी (तपासणीसाठी काढलेला तुकडा) वाचणेही कठीण जाते. त्यामुळे आजार शांत असतानाच तपासणी करावी. यकृतातील पित्तनलिकांचा प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा विकार जोडीला असेल तर ती दरवर्षी लागते. बरे वाटते म्हणून त्याने गोळ्या सोडल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, आणि वडील व आत्या यांचे आजार त्याच्याही केसपेपरवर लिहून घ्यावेत, कारण आत्याच्या तपासणीत दोष आढळला तर तो त्याच्यातही असू शकतो.