पहिला हँडी सेट कुठला घेऊ? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हॅमची म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा पास झालोय, लायसन्स लवकरच हातात येईल. पहिला हँडी, म्हणजे हातात धरून बोलायचा रेडिओ सेट, घ्यायचाय पण बजेट अगदी कमी आहे. ऑनलाइन बघायला गेलं की डोकं चक्रावतं, कुणी ५ वॉट, कुणी ८, कुणी १० वॉट म्हणतं, एक मित्र म्हणतो घेतोच आहेस तर डिजिटल घे. स्वस्तातला चायनीज सेट घेतला तर पस्तावेन का?

उत्तर: आधी अभिनंदन! आणि नाही, पस्तावणार नाही, फक्त त्या सेटकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी नीट समजून घ्या.

साधा अ‍ॅनालॉग एफएम, ड्युअल बँड म्हणजे टू मीटर आणि सेव्हन्टी सेंटीमीटर या हॅमच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर (बँडवर) चालणारा, ५ वॉटचा सेट घ्या. पण पैसे भरायच्या आधी एक काम करा, तुमच्या भागात कुठले रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल घेऊन पुन्हा लांबवर पाठवणारी स्टेशनं, खरंच चालू आहेत आणि लोक त्यावर कधी बोलतात हे जवळच्या क्लबमधल्या कुणा जुन्या हॅमला विचारा. यादीत नाव असलेला रिपीटर चालू असेलच असं नाही, आणि ज्या बँडवर कुणी बोलतच नाही त्या बँडचा भारी सेट घेऊन काय करणार?

आता वॉटचं. ५ चे १० वॉट झाले म्हणजे सिग्नल ३ डीबीने (डेसिबलने) वाढला, समोरच्याच्या सिग्नल मीटरवर ती जेमतेम अर्ध्या एस पॉइंटची, म्हणजे अर्ध्या घराची वाढ, आणि त्यासाठी बॅटरी मात्र झपाट्याने उतरते, वर सेट गरम होतो तो वेगळाच. खरा अडथळा पॉवरचा नसतो, उंचीचा असतो. जमिनीवर उभं राहून दीड मीटरवर सेट धरला तर रेडिओचं क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर संपतं, तेच १०० मीटर उंचीवर गेलात तर ४० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणून तर रिपीटर उंचावर बसवतात, आणि म्हणूनच ८-१० वॉटच्या जाहिरातीला भुलून जास्त पैसे घालू नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

चायनीज सेटमध्ये बाओफेंग यूव्ही-५आर सगळ्यांना माहीत आहे, १२८ मेमरी, दोन्ही बँड, आणि जगभरात कितीतरी जणांचा पहिला सेट हाच. तो इतका स्वस्त पडतो कारण रेडिओचं बहुतेक काम एकाच चिपमध्ये होतं. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे रिसीव्हर, रबर डकवर, म्हणजे सेटसोबत येणाऱ्या छोट्या रबरी अँटेनावर, तो ठीक चालतो पण बाहेरचा मोठा अँटेना लावला आणि जवळपास एखादा जोरदार ट्रान्समीटर असला की सेट बहिरा होतो, समोरचा बोलतोय आणि तुम्हाला ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, काही सेट १४५ मेगाहर्ट्झवर बोलताना २९० वर, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकवर (दुप्पट फ्रिक्वेन्सीवर), परवानगीपेक्षा जास्त घाण, म्हणजे नको असलेला सिग्नल, टाकतात. सगळे नाही, पण एकाच मॉडेलचे दोन सेटसुद्धा सारखे निघतील याची खात्री नसते. क्लबमध्ये कुणाकडे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल जातो ते दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर असेल तर सेट आल्या आल्या तपासून घ्या, मुळीच लाजू नका, लायसन्स तुमच्या नावावर आहे आणि दुसऱ्याला होणाऱ्या त्रासाची जबाबदारीही तुमचीच.

क्वानशेंग यूव्ही-के५ पण बघा, हौशी लोकांनी त्याच्यासाठी स्वतः फर्मवेअर (सेट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) लिहिलेत, प्रयोग करायची आवड असेल तर मजा येते. मात्र असल्या फर्मवेअरने हॅम बँडच्या बाहेरही ट्रान्समिट उघडतं, तिथे बोलायचा हक्क आपल्याला नाही. बजेट थोडं ताणता येत असेल तर याएसू एफटी-६५ सारखा सेट घ्या, फीचर जास्त मिळतात म्हणून नाही, तर बांधणी दणकट आणि ट्रान्समिशन स्वच्छ म्हणून.

डिजिटल सध्या राहू द्या. डीएमआर, डी-स्टार आणि सी४एफएम हे तीन वेगळे प्रकार आहेत, एकाचा सेट दुसऱ्याशी डिजिटलमध्ये बोलत नाही, आणि डीएमआरला तर पहिला शब्द बोलायच्या आधी अख्खा कोडप्लग, म्हणजे चॅनेल आणि सेटिंग्जची फाइल, भरावा लागतो. तुमच्या भागात सगळे एकाच डिजिटल रिपीटरवर असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर आधी साध्या एफएमवर चार लोकांशी ओळख होऊ द्या.

वाचलेल्या पैशात प्रोग्रामिंग केबल, जादा बॅटरी आणि एक बरा अँटेना घ्या. अँटेना मागवताना कनेक्टर बघा, यूव्ही-५आर आणि याएसूचे एसएमए कनेक्टर उलटे असतात, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. आणि एक जवळजवळ फुकटातला उपाय सांगतो, साधारण ४९ सेंटीमीटर लांबीची वायर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल अशी बांधा आणि खाली लोंबू द्या. छोट्या रबर डकला टू मीटरवर जमिनीची बाजू, म्हणजे अँटेनाचा उरलेला अर्धा भाग, नीट मिळत नाही, ती या वायरने मिळते, आणि रिपीटरवर आधी खरखरीत जाणारा आवाज बऱ्याचदा साफ जायला लागतो.

प्रश्न: सेट आला, रिपीटर छान ऐकू येतो, पण मी कॉलसाइन (लायसन्सवरचं माझं रेडिओ नाव) दिला की कुणीच उत्तर देत नाही. सेट खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. शिफ्ट किंवा टोन लावायचा राहिलाय. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्यावर बोलतो, यालाच शिफ्ट म्हणतात, टू मीटरवर हा फरक, म्हणजे ऑफसेट, बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असतो, सेव्हन्टी सेंटीमीटरवर देशागणिक बदलतो. त्यातून बरेच रिपीटर ठरावीक सीटीसीएसएस टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा एक खालचा सूर, आल्याशिवाय उघडतच नाहीत, समजा ८८.५ हर्ट्झ. यूव्ही-५आर मध्ये १३ नंबरचा मेनू ट्रान्समिट टोनचा, २५ शिफ्टच्या दिशेचा आणि २६ ऑफसेटचा. ११ नंबरचा रिसीव्ह टोन बंदच ठेवा, तो चुकून लागला की ऐकू येणंही बंद होतं आणि माणूस दिवसभर अँटेना बदलत बसतो.

एकदा तरी हे सगळं हाताने, बटणं दाबून करा, बाहेर असताना कॉम्प्युटर जवळ नसतो. नंतर चर्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात आधी सेटमधला डेटा वाचून घ्या आणि ती फाइल जपून ठेवा, मगच नवीन काही भरा. केबल लावूनही कॉम्प्युटर सेट ओळखत नसेल तर आधी प्लग जोर लावून पूर्ण आत बसलाय का बघा, मग ड्रायव्हर, कारण स्वस्त केबलमध्ये नकली चिप असते आणि नवीन ड्रायव्हर ती स्वीकारत नाही.

प्रश्न: लायसन्स यायला वेळ आहे, तोपर्यंत सेट घेऊन नुसतं ऐकलं तर चालेल का?

उत्तर: सेट जवळ ठेवण्याचे आणि ऐकण्याचे नियम देशादेशात वेगळे आहेत, तेवढे आधी तपासा. चालत असेल तर जरूर ऐका, लोक कॉल कसा देतात, मध्ये थांबतात कसे, हे ऐकूनच येतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर वरून जातं आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलत असले तर साध्या हँडीवरही, उघड्यावर उभं राहून, ऐकू येतं, आपल्या आकाशातून जाणारी एक फेरी साधारण १० मिनिटांचीच असते त्यामुळे वेळ आधी बघून ठेवा.

पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, मात्र हात लावायचा नाही. चुकून दाबलं जाण्याची भीती असेल तर चर्पमध्ये प्रत्येक चॅनेलच्या ड्युप्लेक्सच्या रकान्यात ऑफ निवडा, सेट मेमरी मोडमध्येच ठेवा, त्या चॅनेलवर ट्रान्समिट होणारच नाही, आणि लायसन्स आलं की तेवढाच एक रकाना बदलायचा.