सायकलवर वेळ कमवून तो मॅरेथॉनला वापरता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: पहिली पूर्ण अंतराची ट्रायथलॉन चार महिन्यांवर आली आहे, सायकलिंग चांगलं आहे, धावणं बेताचं. मग सायकलवर जोर लावून वेळ काढून ठेवला आणि मॅरेथॉन जमेल तशी केली, तर चालेल का?

नाही चालणार. इतकं ठामपणे सांगतोय, कारण नेमका हाच हिशोब धरून मी माझी पहिली शर्यत केली होती. 3.8 किमी पोहण्यात आपण काही कमवणार नाही, 42.2 किमी धावण्यात गमावणारच आहोत, तेव्हा काय ते 180 किमी सायकलवर कमवून घ्यायचं.

माझा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी ताकद, तेव्हा 230 वॉट होता. ठरवलं होतं 160 वॉटनं चालवायचं. पहिल्या तासाची सरासरी आली 185. आणि तो जोर मला जाणवतच नव्हता! शेवटचे दोन आठवडे सराव कमी केलेला, पाय ताजे, अंग पाण्यातून नुकतंच बाहेर आलेलं, आजूबाजूनं माणसं सपासप पुढे चाललेली. मला वाटलं, आज दिवस आपला आहे. 5 तास 48 मिनिटांत सायकल संपली, अपेक्षेपेक्षा पाव तास आधी.

मॅरेथॉनची सुरुवातही छान झाली. 24व्या किलोमीटरला एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, जेलचं (घट्ट, गोड कर्बोदकांचं) पाकीट फोडलं, तोंडाशी नेलं आणि त्या गोड वासानंच पोटात ढवळून आलं. पाण्याचा घोट घेतला, तोही उलटून पडला. दम लागला नव्हता, कुठे दुखतही नव्हतं. पळायला अंगात काही उरलंच नव्हतं. पुढचे 18 किलोमीटर मी जवळजवळ चालत काढले. मॅरेथॉन 5 तास 41 मिनिटं, एकूण 13 तास 7 मिनिटं.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ते पटल्याशिवाय शर्यतीच्या दिवशी हात आखडता राहत नाही. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा साठा साधारण चार-पाचशे ग्रॅमचा, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आतबाहेर. शर्यतीला त्याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. उरलेली चरबीतून आणि खाण्यातून यायला हवी. पण जोर वाढला की शरीर चरबी बाजूला ठेवून ग्लायकोजेनवर हात मारतं. वेग किंचितच वाढलेला दिसतो, साठा मात्र झपाट्यानं उतरतो. खाऊन भरून काढू म्हणाल, तर तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पचवणं हेच मोठं काम आहे. तेही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र घेतलं तर, कारण दोन्ही आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात, आणि त्याची सवय सरावात लावलेली असेल तर. जोर आणि उकाडा वाढला की रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे धावतं, आतड्याच्या वाट्याला थोडंच येतं. माझं पोट 24व्या किलोमीटरला बंद पडलं, पण ते बिघडायला सुरुवात सकाळी सायकलवरच झाली होती.

आता वेळेचं गणित बघा. सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 चे 31 किमी करायचे तर जवळपास 10 टक्के जास्त ताकद लागते. मिळतं काय, तर 180 किमीत साडेअकरा मिनिटं. उलट मॅरेथॉनचे शेवटचे 15 किमी दर किलोमीटरला पावणेसात मिनिटांच्या पेसऐवजी दहा मिनिटांच्या पेसनं चालावे लागले, तर पाऊण तासाहून जास्त वेळ जातो.

पुढच्या शर्यतीत मी 160 वॉटवर राहिलो. पहिला तास फार जड गेला, कारण ज्यांना मी सरावात सहज मागे टाकतो असे लोक पुढे जात होते. सायकल 6 तास 3 मिनिटं, मॅरेथॉन 4 तास 44 मिनिटं, एकूण 12 तास 24 मिनिटं. सायकलवर 15 मिनिटं दिली आणि धावण्यात 57 परत आली.

सायकलवरची आघाडी मॅरेथॉनमध्ये टिकेलच असं नाही, हे या अंतराच्या पहिल्याच शर्यतीत दिसलं. 1978 साली हवाईत पहिली आयर्नमॅन, म्हणजे याच अंतराची ट्रायथलॉन, झाली. 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार पुढे होता. मॅरेथॉनमध्ये त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, त्यांनी त्याला बिअर पाजली, आणि गॉर्डन हॉलर 11:46:58 वेळेत जिंकला.

तुमचं सायकलिंग चांगलं आहे ना? मग त्याचा फायदा असा घ्या: इतरांइतक्याच वेगानं, पण कमी दमून उतरा. पहिल्या शर्यतीला एफटीपीच्या 65 ते 70 टक्क्यांत राहा. पॉवर मीटर नसेल तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच जोर. चढावर आणि समोरच्या वाऱ्यात जोर थोडा वाढला तरी चालेल, पण सीटवरून उठून चढ मारू नका. उतारावर पाय मोकळे सोडा. दर पंधरा मिनिटांनी थोडं खा, भूक लागायची वाट बघू नका.

पोहण्याबद्दल एवढंच: पहिले दोनशे मीटर धडपडू नका, आपल्यापेक्षा किंचित वेगवान पोहणाऱ्याच्या पायामागे राहा. पाण्यात ते नियमात बसतं, सायकलवर मात्र ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशानं चालवण्याला, दंड आहे.

धावायला लागल्यावर पाय फसवतात. सहा तास वेगात गेल्यामुळे धावणं संथ वाटतं आणि घड्याळ बघावं तर पेस ठरवल्यापेक्षा अर्धा मिनिट जलद. पहिले पाच किलोमीटर घड्याळाचंच ऐका. एड स्टेशनवर तीसेक पावलं मुद्दाम चाला, नीट प्या, पुन्हा पळा. हे चालणं ठरवून केलेलं असतं, त्यात फार काही जात नाही.

आणि शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी एक चाचणी जरूर करा. ठरवलेल्या वॉटवर पाच तास सायकल, शर्यतीत घेणार तेच खाणं-पिणं, उतरल्याबरोबर 45 मिनिटं धावणं. तेच वॉट असताना शेवटच्या तासात हृदयाचे ठोके दुसऱ्या तासापेक्षा बरेच वर गेले असतील, किंवा धावताना पोटानं तक्रार केली, तर आकडा पाच-दहा वॉटनं खाली आणा आणि दोन आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा करा.