मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसताना

अगं, घरचे पहिल्याच आठवड्यात म्हणतील, ‘आमच्या मनात काय चाललंय सांग बघू!’ मनावर घेऊ नकोस. खरी काळजी घे ती संख्याशास्त्राची. मध्य (म्हणजे सरासरी), प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत बदलतात ते) यांची दोन-तीन गणितं रोज हाताने सोडव. मी ती परीक्षेपर्यंत ढकलली आणि प्रात्यक्षिकाचा अहवाल लिहिताना रडकुंडीला आले.

वाचलेलं, पुस्तक मिटून, आठवून लिहायचं. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसने १८८५ मध्ये दाखवलं. त्यामुळे त्याच संध्याकाळी उजळणी हवीच. जुनी पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात शोध.

आणि मैत्रिणींना आजारांची नावं चिकटवू नकोस, फार दुखावतं ते. समुपदेशक व्हायचं असेल तर एम.ए. धरूनच चाल, नुसत्या बी.ए.वर भागत नाही.