रिकाम्या राउटरचं वीजबिल

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोअर नेटवर्क (इंटरनेटचा मुख्य कणा) आणि सीडीएन (व्हिडिओ वगैरेच्या प्रती प्रेक्षकाजवळ ठेवणारं सर्व्हरचं जाळं) यांमधली वीज कशी वाचवायची, हा विषय मला मनापासून आवडतो. वर्गातले सगळे एआयकडे वळलेत. माझं यात करिअर होईल का?

उत्तर : होईल. फक्त ‘ग्रीन नेटवर्क इंजिनिअर’ अशी जाहिरात शोधत बसू नकोस. हे काम नेटवर्क प्लॅनिंग, ट्रॅफिक इंजिनिअरिंग, ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट अशा नावांखाली चालतं.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मुलाखतीत गडबडणार नाहीस. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरच्या डेटा नेटवर्कनी २६० ते ३६० टेरावॅट-तास वीज वापरली. त्यातला मोठा वाटा मोबाइल नेटवर्कचा, कोअरचा नाही. पण कोअरमधला प्रश्न फार सुंदर आहे.

प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आण आणि घरच्या वायफाय राउटरला लाव. कुणी नेट वापरत नसताना आकडा बघ. मग मोठी फाइल डाउनलोडला लावून पुन्हा बघ. आकडा जेमतेम हलेल. कोअर राउटरचंही तेच : पंखे, चासी (सांगाडा), केबल जोडायची लाइन कार्ड, सगळं ट्रॅफिक (डेटाची ये-जा) असो-नसो वीज खातं. रात्री ट्रॅफिक ओसरतं, वीज ओसरत नाही.

मग रिकाम्या लिंक, म्हणजे दोन राउटरमधले जोड, झोपवायच्या? इथरनेट पोर्टसाठी हे जमलं. २०१० च्या ८०२.३एझेड मानकाने डेटाचं पॅकेट नसताना पोर्टला डुलकी घेता येते. कोअरमध्ये मात्र लिंक बंद केली की मार्ग नव्याने आखावे लागतात, आणि ऑप्टिकल लिंक पुन्हा सुरू करून स्थिरावायला वेळ लागतो. शिवाय ती जादा क्षमता ठेवलेलीच असते केबल तुटली तर म्हणून. ऑपरेटर कचरतात ते उगाच नाही.

सीडीएनमध्ये पेच वेगळा. लोकप्रिय व्हिडिओची प्रत प्रेक्षकाजवळ ठेवली तर वाहतुकीची वीज वाचते. क्वचित पाहिल्या जाणाऱ्याची प्रत जागोजागी ठेवली तर साठवणुकीतच ती जाते.

म्हणून ग्राफ थिअरी आणि लिनिअर प्रोग्रामिंग पक्कं कर, पायथन येऊ दे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दहा-बारा नोडचं (म्हणजे राउटरचं) नेटवर्क घे आणि रात्री कुठल्या लिंक झोपवता येतील ते शोध. अट एकच : उरलेल्यांपैकी कुठलीही एक तुटली तरी ट्रॅफिक पोचलं पाहिजे. ही अट गाळलीस तर उत्तर सोपं होईल, पण कुठलाही ऑपरेटर ते वापरणार नाही. रात्रीच्या ट्रॅफिकचा अंदाज बांधायला मशीन लर्निंग लागेलच, तेव्हा एआय शिकणारी एखादी मैत्रीण जोडीला घे.

मीटरचे आकडे आठवडाभर वहीत उतरवून मला पाठव.