नावं बदलताना घ्यायची काळजी

रत्नागिरी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा हापूसच्या प्रतवारीचा कोड सावकाश वाचला. फोटोवरून डाग आणि करपा मॉडेल छान ओळखतंय. साका फळाच्या आत असतो, बाहेरून दिसतच नाही, त्याच्या नादी लागला नाहीस हे फार बरं केलंस. आता सगळा कोड केरास या मॉडेल बनवायच्या लायब्ररीतून पायटॉर्च या दुसऱ्या लायब्ररीत नेताना फायलींची फेरमांडणीही करणार आहेस, म्हणून पॅरामीटरच्या, म्हणजे आपण ठरवून देतो त्या आकड्यांच्या, नावांबद्दल लिहितो.

कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाईलमध्ये) तू 'लर्निंग_रेट', म्हणजे मॉडेल दर पावलाला किती बदलायचं तो आकडा, लिहिलायस, ट्रेनिंगची फाईल 'एलआर' मागते, आणि ते सापडलं नाही तर 0.001 धरून चालते. कॉन्फिगमध्ये आहे 0.0001. म्हणजे दहापट मोठ्या लर्निंग रेटने ट्रेनिंग होणार आणि कुठेही एरर येणार नाही. अशा जागी डीफॉल्ट ठेवूच नकोस. नाव सापडलं नाही तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबू दे.

याहून घातक प्रकार म्हणजे नाव तेच, अर्थ उलटा. बॅच नॉर्मलायझेशन, म्हणजे थरातले आकडे बॅचच्या (एका वेळी दिलेल्या फोटोंच्या गटाच्या) सरासरीने एका मापात आणणं; त्याचा 'मोमेंटम' बघ. केरासमध्ये डीफॉल्ट 0.99, पायटॉर्चमध्ये 0.1. केरासमध्ये तो साठवलेल्या जुन्या सरासरीचा वाटा असतो, पायटॉर्चमध्ये नव्या बॅचचा. केरासचं 0.99 म्हणजे पायटॉर्चचं 0.01. तू 0.99 तसंच उचललंस, तर साठवलेली सरासरी जवळपास शेवटच्या बॅचचीच राहील. ट्रेनिंगमधला लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) व्यवस्थित उतरताना दिसेल, कारण तेव्हा चालू बॅचचीच सरासरी वापरली जाते. तपासणीला मात्र साठवलेली सरासरी लागते, तिथे आकडे ढासळतील, आणि तू बिचाऱ्या फोटोंना दोष देत बसशील. ड्रॉपआउटचंही (ट्रेनिंगमध्ये मॉडेलचा काही भाग मुद्दाम बंद ठेवण्याचंही) तेच: टेन्सरफ्लो या लायब्ररीच्या जुन्या कोडमध्ये 'कीप_प्रॉब' (चालू ठेवायचा वाटा) 0.8 असेल, तर नव्या 'रेट'मध्ये (बंद करायचा वाटा) 0.2 लिहावं लागतं. तुझ्या कॉन्फिगमधल्या नुसत्या 'रेट'वरून तो कशाचा हे कळत नाही, 'ड्रॉपआउट_रेट' लिही. मोमेंटमला तर अर्थच सांगणारं नाव दे, 'बीएन_जुना_वाटा' असंही चालेल, आणि लायब्ररीला हवा तो आकडा एकाच फंक्शनमध्ये काढ.

लेयरची, म्हणजे मॉडेलच्या थरांची, नावं बदलताना जपून. पायटॉर्चमध्ये साठवलेली वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) त्या नावांनीच परत जुळवली जातात. 'एफसी'चं 'हेड' केलंस आणि लोड होत नाही म्हणून 'स्ट्रिक्ट' (नावं काटेकोर जुळवायचा पर्याय) फॉल्स करून टाकलंस, तर तो थर न शिकलेला, कोराच राहील.

बागायतदारांच्या हाती दिलेल्या स्क्रिप्टमधली जुनी नावं एकदम काढू नकोस. सायकिट-लर्न या लायब्ररीने 'बेस_एस्टिमेटर'चं 'एस्टिमेटर' 1.2 आवृत्तीत केलं, पण जुनं नाव सूचना देत चालू ठेवलं आणि 1.4 मध्ये काढलं. तसंच कर. आणि एप्रिल-मेमध्ये पेट्या भरण्याची धांदल असताना यातलं काहीही करू नकोस. पाऊस लागला की घे.

सुरुवात केरासच्याच कोडपासून कर. पहिल्या कमिटमध्ये (बदलांच्या पहिल्या नोंदीत) फक्त नावं, दुसरं काही नाही. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तोच सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात), लर्निंग रेटसकट प्रत्यक्ष वापरली जाणारी तीच मूल्यं, तेच मशीन, सीपीयूवर. लॉसचा शेवटचा अंकसुद्धा हलता कामा नये. दोन्ही लॉग मला पाठव, मी रविवारी बसून बघतो.

तुझा,
दादा